शिवेपलीकडचं मागणं

या, असे पुढे सरका. मागे खांबाला टेकलेले, तुम्हीसुद्धा या. गोष्ट लांबून ऐकली की पोचेपर्यंत निवते. लेकरं मांडीवर घ्या. आज्जी, तुम्हाला कमी ऐकू येतं ना, मग इथं माझ्या टाळांपाशीच बसा. बसलात सगळे? मग सांगते. आजची कथा देवादिकांची नाही. माणसांचं ऐकून घ्यायला बनवलेल्या एका यंत्राची आहे, आणि आमच्या कौसल्याबाईंची आहे. मधे मधे हसाल. शेवटी हसाल असं वचन देत नाही.

माझं गाव कान्हेरवाडी. डोंगराच्या अलीकडे आम्ही, पलीकडे बोरटेक. आमच्याकडे देऊळ लहान, पण कीर्तन मोठं. कारण आमच्या वेणूताई घुगे. मी त्यांच्या मागे टाळ घेऊन उभी राहते, म्हणजे पाठमोऱ्या ताई मी जितक्या पाहिल्या तितक्या कुणी पाहिल्या नसतील. पूर्वरंगात एखादा अभंग उलगडायला लागल्या की वाटायचं, हे आपल्याला ठाऊकच होतं, फक्त कुणी सांगितलं नव्हतं. उत्तररंगात कथा लावली की पोलिसपाटलासारखा कोरडा माणूसही उपरण्यानं डोळे पुसायचा आणि म्हणायचा, धूर फार झालाय.

ताईंना पखवाजाची साथ रंगनाथभाऊ ढवळ्यांची. ताईंचा श्वास कुठं संपणार हे ताईंच्या आधी भाऊंना कळायचं आणि नेमकी तिथं थाप पडायची. त्यांना कधी एकमेकांकडे बघावं लागलं नाही. ताई म्हणायच्या, "माझा अर्धा आवाज रंगनाथच्या तळहातात आहे."

आणि कौसल्याबाई या ताईंच्या भावजय. ताईंचा सख्खा भाऊ वारल्यावर नणंद-भावजय एकाच घरात राहायच्या. बाई दिसायला किडकिडीत, बोलायला मिरची. कीर्तनाला देवळाच्या उंबऱ्याशी बसायच्या. ताईंचं निरूपण लांबलं की तिथूनच आवाज यायचा, "वन्सं, देव झोपला. आता आम्हाला तरी सोडा." सगळं देऊळ हसायचं, आणि ताई सगळ्यात जास्त.

बाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा जिल्ह्याच्या दवाखान्यात डायलिसिस. घाटातल्या रस्त्यानं जीपमध्ये जायचं, यंत्राकडून रक्त धुऊन घ्यायचं, आणि पुन्हा तोच घाट उतरून यायचं. परतताना त्यांचा चेहरा राखेसारखा व्हायचा. तरी म्हणायच्या, "माझं रक्त आठवड्यातून तीनदा न्हातं. तुमची आंघोळ किती वेळा होते ते सांगा."

तर त्या दिवसांत आमच्या खोऱ्यातून नवी गाडी न्यायचं ठरलं. विजेवरची, वेगाची, दोन्ही बाजूंनी भिंती घातलेल्या मार्गावरून पळणारी. पुढच्या तीस वर्षांत कोण कुठून कुठं जाईल, दवाखाने, कॉलेजं, बाजार कुठं वाढतील, याचा सगळा आराखडा खोरे वाहतूक मंडळ करत होतं. चढावर गाडी थांबवली की वेग जातो, म्हणून डोंगराच्या टापूत एकच थांबा मिळणार होता. एक तर कान्हेरवाडीला, नाहीतर बोरटेकला. आमच्याकडे झाला असता तर कौसल्याबाई गाडीत बसून, विणकामाचे चार टाके घालेपर्यंत दवाखान्यात पोचल्या असत्या.

आता यंत्राचं सांगते. पूर्वी काय व्हायचं? आखणी वर कुठंतरी व्हायची, मग पंचायतीच्या भिंतीवर कागद लागायचा, हरकती घ्यायचे. काम सुरू झालं की मोर्चे, कोर्टकज्जे, आणि अर्धे उभे राहिलेले खांब वर्षानुवर्षं ऊन खात. त्यावर इलाज म्हणून मंडळानं एक यंत्र आणलं. त्याचं नाव ठेवलं 'कौल'.

कौल नुसते शब्द मोजत नाही. तुम्ही बोलताना आवाज कुठं चढतो, श्वास कुठं अडतो, 'मला' म्हणताना जोर किती आणि 'त्यांना' म्हणताना किती, हे सगळं ते टिपतं. त्यावरून यंत्राच्या आत तुमची एक छाया तयार होते. छाया तुमच्यासारखी चिडते, तुमच्यासारखी गप्प बसते, तुमच्यासारखी म्हातारी होते. मग खोऱ्यातल्या सगळ्यांच्या छाया एकत्र सोडून यंत्र पुढची तीस वर्षं चालवून बघतं. थांबा इथं दिला तर काय होईल, तिथं दिला तर काय होईल. लाखो वेळा, आखणी बदलून बदलून. कोण गाव सोडेल, कोण कोर्टात जाईल, कोण रुळांवर आडवा पडेल, ते सगळं त्यात दिसतं. आम्हाला सांगितलं होतं की जी आखणी सगळ्यांना मानवेल तीच यंत्र निवडेल. ऐकायला किती छान वाटतं, नाही?

त्या कामावर गावोगावी माणसं नेमली. आमच्या भागासाठी नेमले रंगनाथभाऊंना. पद होतं संवादक. लोकांचा भाऊंवर विश्वास, म्हणून.

सप्ताह जवळ आला तसे भाऊ ताईंकडे आले. मी तिथंच गहू निवडत होते.

"ताई, सुनावणीला माणूस येत नाही. कीर्तनाला सगळं गाव येतं. काल्याच्या दिवशीच कौलाचा माइक लावू का?"

ताई म्हणाल्या, "अरे, पण त्या दिवशी आपलं शिवेपलीकडचं मागणं असतं. त्यात हे कसं बसायचं?"

इथं थांबून रीत सांगते. आमच्या गावात सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन झालं की दही-लाह्यांचा प्रसाद तळहातावर घ्यायच्या आधी प्रत्येकानं उभं राहून एक मागणं मागायचं. पण स्वतःसाठी नाही, घरच्यांसाठी नाही, गावासाठीसुद्धा नाही. गावाच्या शिवेपलीकडच्या कुणासाठी तरी. कधीकाळी दुष्काळात शिवेपलीकडून कुणीतरी पाणी धाडलं होतं म्हणे. कुणी ते आता आठवत नाही, म्हणून सगळ्यांसाठी मागायचं. एका वर्षी कौसल्याबाईंनी हात जोडून मागितलं होतं, "देवा, बोरटेकच्या सरपंचाला थोडी अक्कल दे." तेही रीतीत बसलं.

भाऊ म्हणाले, "उलट त्यात आपलं मन दिसेल, ताई. आणि यंत्राला आपली रीत मी समजावून सांगितली आहे. कान्हेरवाडीचा माणूस दुसऱ्यासाठी मागतो तेव्हा त्याची स्वतःची गरज किती मोठी असते, ते त्याला कळतं आता."

"समजावून सांगितलीस ना नक्की?"

"पखवाजाची शपथ."

ताईंनी पुढं विचारलं नाही. ज्याच्या तळहातात आपला अर्धा आवाज ठेवला, त्याला दुसऱ्यांदा काय विचारायचं?

जाताना भाऊ एवढंच म्हणाले, "यंदा निरूपण त्यागावर घ्या."

ताईंनी त्यागावर घेतलं. माउली, काय सांगू तुम्हाला ते कीर्तन! सकाळचं कोवळं ऊन मंडपात उतरलेलं, भाऊंची थाप अशी की जमिनीतून छातीत चढावी. ताई म्हणाल्या, हातातलं सोडल्याशिवाय हात जोडता येत नाहीत. माणसं हमसून रडली. आणि त्या ओल्या मनानं उठून एकेक जण माइकसमोर गेला. कुणी म्हणालं, बोरटेकच्या पोरांना कॉलेज लांब पडतं, थांबा त्यांना होऊ दे. कुणी म्हणालं, आमचं काय, भागतंय आमचं. कौसल्याबाई उंबऱ्यावरून उठल्या. डायलिसिसचा हात पदराखाली. म्हणाल्या, "आमच्या रंगनाथची लेक बोरटेकला दिलीय. तिला दिवस गेलेत. अडल्या वेळी तिला दवाखाना जवळ असावा. थांबा तिकडे होऊ दे, देवा." पखवाजावर ठेवलेले भाऊंचे हात तेव्हा हलले नाहीत. मी बघत होते. मला वाटलं, भरून आलं असेल त्यांना.

पावसाळा उलटल्यावर मंडळाची माणसं निकाल सांगायला आली. इरा सोनटक्के नावाची तरुण इंजिनिअर होती, मनानं चांगली. पंचायतीच्या हॉलमध्ये तिनं भिंतीवर नकाशा पाडला. बोरटेक तांबडंलाल, आमचं गाव फिकट हिरवं, तुळशीच्या कोवळ्या पानासारखं. थांबा बोरटेकला.

"हिरवं म्हणजे काय गं, पोरी?" ताईंनी विचारलं.

"हिरवं म्हणजे सामाजिक स्वीकार चांगला, मावशी. तांबड्या भागात डावललं तर आंदोलनं होतात, काम रखडतं. तुमच्या गावाची सोसण्याची तयारी खोऱ्यात सगळ्यात जास्त निघाली."



ताई म्हणाल्या, "म्हणजे यंत्र गरज मोजत नाही?"

"मोजतं ना. पण शेवटी आखणी निवडताना विरोध किती होईल ते बघतं. कमीत कमी विरोधाची वाट."

"आणि आमची रीत? काल्याच्या दिवशी आम्ही स्वतःसाठी मागत नसतो, हे त्याला सांगितलं होतं."

इरा गोंधळली. तिनं पडद्यावर खालीवर शोधलं. "असं काही कुणी सांगितलेलं नाही. संवादक काकांनीच सुचवलं होतं की इथली सुनावणी काल्याच्या दिवशी घ्यावी आणि बोरटेकची आठवडी बाजारात. तिथं त्या दिवशी भाव पडल्यामुळे लोक तापलेले होते, त्यामुळे नमुना फार जोरकस आला."

सगळ्यांच्या माना वळल्या. रंगनाथभाऊ दाराशी उभे होते. तिथं उभं राहणारे ते नव्हेत. ते कायम ताईंच्या डाव्या हाताला असायचे.

ताईंचा आवाज चढला नाही. "रंगनाथ, पखवाजाची शपथ घेतली होतीस."

भाऊ म्हणाले, "ताई, कुणाला तरी सोडावंच लागणार होतं. बोरटेकचे लोक भांडले असते, जाळपोळ केली असती. आपलं गाव सोसतं. तुम्हीच शिकवलंत की."

"मी द्यायला शिकवलं. तू काढून घेतलंस."

"माझी लेक आहे तिथं," भाऊ म्हणाले, आणि बाहेर गेले.

कौसल्याबाई दारापर्यंत त्यांच्या मागे गेल्या. म्हणाल्या, "मेल्या, माझ्याकडे मागितलं असतंस तर मी तुझ्या लेकीसाठी दिलंच असतं. दिलंच होतं की! चोरायला कशाला गेलास?" बोलताना त्यांना धाप लागली.

आम्ही फेरसुनावणी मागितली. ती तालुक्याला झाली. इरा होती, आणि मंडळाचे अध्यक्ष, गोड बोलणारे गृहस्थ. ताईंनी सगळं सांगितलं. अध्यक्ष हसून म्हणाले, "ताई, आज तुम्ही रागात आहात. पण तुमची छाया बघा. पहिल्याच वर्षी तुम्ही क्षमेवर कीर्तन करता आणि गाव शांत होतं. आमच्या आराखड्याला तुमचा मोठा आधार आहे."

ताईंनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. "मी न केलेलं कीर्तन तुम्ही ऐकलंत?"

"अंदाज असतो तो. पण फार अचूक असतो."

मी ताईंचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा समोरून नीट पाहिला. भाऊंनी फसवलं तेव्हा दुखावलेल्या होत्या. आता त्यांना कुणीतरी आतून लुटलं होतं. ज्या गुणाला त्या आयुष्यभर देवाची देणगी समजत आल्या, तो गुण यांनी सिमेंट-लोखंडासारखा हिशेबात धरला होता.

तेवढ्यात कौसल्याबाई म्हणाल्या, "माझी छाया दाखव गं, इराबाई. बघू तरी कशी दिसते. माझ्यापेक्षा जाड असली तर बरं."

इरानं बटण दाबलं. पहिलं वर्ष. पडद्यावर एक रेघ हलली आणि खोलीत कौसल्याबाईंचा आवाज आला, अगदी त्यांचा: "होऊ दे बोरटेकला. आपलं भागतंय." दुसरं वर्ष. तोच आवाज, थोडा दमलेला. "भागतंय." तिसरं वर्ष. आवाज नाही. रेघ सरळ.

"बंद पडलं काय गं?"

इरानं पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "नाही, मावशी. थांबा बोरटेकला असला तर ही छाया... तिसऱ्या वर्षी संपते."

"अगं बाई!" कौसल्याबाई म्हणाल्या. "मी गेले होय? आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही!"

आम्ही सगळे हसलो, आणि हसताहसता मधेच थांबलो.

बाईंनी विचारलं, "मग मी गेल्यावर माझी हरकत किती धरता?"

"यंत्र विरोध मोजतं, मावशी," इरा हळू म्हणाली. "गेलेल्या माणसाचा विरोध नसतो."

"म्हणजे मेले की होकार." बाई उठल्या. टेबलाचा आधार घेतला, पदर सावरला. "मग आहे तोवर मागते. जन्मात पहिल्यांदा मागते. मला थांबा पाहिजे. मला. कान्हेरवाडीत. मला जगायचंय अजून, वन्संची कीर्तनं लांबतात ती ऐकायची आहेत."

एवढं बोलून त्या अशा लाजून बसल्या, जणू देवळात शिवी दिली.

निर्णय आला तो छापील आला. ताज्या भावनेतल्या विधानांचा भार कमी धरला जातो, सबब मूळ आखणी कायम. इरानं म्हणे त्यावर विरोधी मत लिहिलं होतं. तिची बदली झाली.

काम सुरू झालं. मार्गाच्या भिंती उभ्या करायला घाटरस्ता बंद केला. जीप लांबून वळसा घालून जायला लागली. आठवड्यात तीनदाचं दोनदा झालं. पावसात दरड आली तेव्हा एकदा. ताईंनी शहरात खोली घेऊन राहू म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "तिथं उंबरा कुठला बसायला?" पण घरातल्या घरात त्यांनी शहरात जायची बांधाबांध केली होती, हे नंतर कळलं. पेटीत दोन लुगडी घडी करून, वर ताईंच्या वहाणा, त्यांनाही न्यायचं म्हणून. जायच्या आधीच बाई गेल्या. यंत्रानं तिसरं वर्ष सांगितलं होतं. यंत्र त्या बाबतीत चुकलं नाही.

तेराव्याच्या दिवशी सकाळी देवळात कीर्तन ठेवलं. सगळं गाव होतं. आणि रंगनाथभाऊ आले. खांद्यावर पखवाज. कुणाशी न बोलता आपल्या जागी, ताईंच्या डाव्या हाताला बसले. डब्यातून कणीक काढली, भिजवली, पखवाजाच्या तोंडाला लावायला लागले. त्यांचे डोळे वाहत होते, आणि खोटे नव्हते ते. आम्ही सगळे ताईंकडे बघत राहिलो. ताईंचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक. आता क्षमेवरच बोलणार, आम्ही सगळे रडणार, आणि घरी जाणार. नेमकं यंत्रानं सांगितलं होतं तसं.

ताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "रंगनाथ, तुला माफ करायचं की नाही, ते माझं मी देवापाशी बघेन. तुला ते कळणार नाही आणि त्या यंत्रालाही कळणार नाही. पण वहिनीची दवाखान्याची वाट माझी नव्हती. ती सोडायचा मला हक्क नव्हता. तुझ्या थापेवर आता माझा पाय उचलत नाही. पखवाज उचल."

भाऊंनी लावलेली कणीक बोटांनी खरवडून काढली. डब्यात ठेवली. उठले. दारापर्यंत गेले, तिथं उंबरा ओलांडताना थबकले, कारण तिथं बसायला कुणी नव्हतं. मग गेले.

त्या दिवशी नुसत्या टाळांवर कीर्तन झालं. क्षमेवर झालं नाही. पूर्वरंगात ताई मागण्यावर बोलल्या: की देवासमोर दुसऱ्यासाठी मागावं, पण जो आपली गरज मोजून न्यायला आलाय त्याच्यासमोर आपली गरज झाकणं ही भक्ती नव्हे. आणि उत्तररंगात संतांची कथा लावतात तिथं त्यांनी कौसल्याबाईंची लावली. आता गाडी आमच्या गावातून जाते, थांबत नाही. बोरटेकला थांबते. भाऊंची नात त्याच गाडीनं शाळेला जाते. गुणी पोर आहे. तिच्यासाठी आम्ही अजून काल्याच्या दिवशी मागतो. रीत सोडलेली नाही. फक्त तेव्हा दारं लावून घेतो आणि माइक आत येऊ देत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं सांगायला एवढ्या लांब का आलीस? माउली, उद्या सकाळी तुमच्या पंचायतीत कौल येतोय. तुमच्या खोऱ्याचा आराखडा आहे, पुढच्या तीस वर्षांचा. ताई आज पलीकडच्या गावात हेच सांगताहेत, म्हणून इथं मी. तुम्ही भली माणसं आहात, मला चहा दिलात, सतरंजी अंथरलीत, स्वतः जमिनीवर बसलात. म्हणूनच मला भीती वाटते.

एवढंच करा. उद्या माइक तोंडाशी येईल, आणि जिभेवर आपोआप येईल, 'आमचं काय, भागतंय आमचं.' तेव्हा क्षणभर थांबा, आणि आमच्या कौसल्याबाईंना आठवा.